वीर्याचा नमुना घरून नेला तर चालेल का?

प्रश्न : आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली, अद्याप मूल नाही. माझ्या तपासण्या झाल्या असून आता डॉक्टरांनी पतींची वीर्यतपासणी सांगितली आहे. लॅबमध्ये नमुना देण्याचा त्यांना संकोच वाटतो, आणि गावाहून एसटीने तेथे पोहोचायला दीड तास लागतो. शुक्राणू शरीराबाहेर किती वेळ जिवंत राहतात?
— एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ते शुक्राणू कोठे आहेत यावर अवलंबून असते. कपड्यावर किंवा त्वचेवर सांडलेले वीर्य वाळले की त्यातील शुक्राणू मरतात. स्त्रीच्या जननमार्गात मात्र ते पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. झाकणबंद डबीत ते काही तास जिवंत राहू शकतात, परंतु तेवढ्याने तुमचे काम भागणार नाही, कारण तपासणीत संख्येइतकीच त्यांची हालचालही महत्त्वाची असते आणि ती वेळेबरोबर मंदावत जाते. म्हणून तपासणी शक्यतो अर्ध्या तासात, आणि उशिरात उशिरा तासाभरात, सुरू व्हावी लागते. दीड तासाच्या प्रवासानंतर हालचाल कमी आढळली, तर दोष शुक्राणूंचा की उशिराचा, हे अहवालावरून कळणार नाही.

तेव्हा नमुना लॅबमध्येच द्यावा, हे उत्तम. बहुतेक ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र खोली असते. फोन करून तशी खात्री करून घ्यावी. तेथे जवळ कोणी नातेवाईक राहत असतील, तर त्यांच्या घरून नमुना नेता येईल. तसे केल्यास लॅबने दिलेली डबीच वापरावी आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. काही जण नमुना बर्फात ठेवून आणतात, पण थंडीने हालचाल मंदावते आणि तपासणी व्यर्थ जाते. गोठवलेले वीर्य वर्षानुवर्षे टिकते हे खरे, मात्र ते विशेष द्रावण मिसळून उणे 196 अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले असते.

नमुना देताना साबण, तेल किंवा साधा निरोध वापरू नये. त्याआधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. नमुन्याचा पहिला भाग सांडला, तर न लाजता सांगावे, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात.

पतींचा संकोच समजण्यासारखा आहे, तरीही तुम्ही इतक्या तपासण्यांतून गेल्यानंतर त्यांनी ही एक सोपी तपासणी टाळू नये, असे मला मनापासून वाटते. पहिला अहवाल सदोष आला, तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यावी.