गेम खेळताना रिस्टार्ट होणारा डेस्कटॉप: मदरबोर्ड बदलण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

मदरबोर्डचे पैसे आत्ताच देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय आणि जे फोटो टाकलेत, त्यावरून माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर आहे, दुसरा रॅमवर. मदरबोर्ड बराच खाली येतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी प्रकरण थोडक्यात असं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीची एक रॅम सुरुवातीपासूनची आणि ८ जीबीची दुसऱ्या कंपनीची नंतर टाकलेली, आणि कॅबिनेटबरोबरच आलेला ५०० वॅटचा एसएमपीएस. गेम सुरू करून थोडा वेळ झाला की मशीन एकदम काळं पडतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं. संध्याकाळी जास्त. अधूनमधून निळा स्क्रीन येतो, दर वेळी वेगळ्या नावाचा. दोनदा फॉरमॅट मारून झालं, फरक नाही. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला.

दोनदा फॉरमॅट करूनही फरक पडला नाही, हा खरं तर उपयोगाचा पुरावा आहे. विंडोज त्यातून जवळजवळ सुटलं. आता तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका. त्याऐवजी फोटो आणि कागदपत्रं आजच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. लिहिता लिहिता वीज तुटत राहिली की ड्राइव्हवरच्या फायली खराब होतात, आणि पुढच्या चाचण्यांमध्ये मशीन अजून काही वेळा पडणारच आहे.

पुढचं काम फुकटचं आहे. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका. ती खूण असली की निळा स्क्रीन क्षणभर येऊन जातो, कधी दिसतही नाही, आणि आपल्याला वाटतं वीज गेली. खूण काढल्यावर निळा स्क्रीन आला तर तो तिथेच थांबेल. तरीही मशीन काळं पडून थेट रिस्टार्ट झालं, तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही असं समजा.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टिम'. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडेल. ती पाहून बरेच जण घाबरतात, पण ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती 'डिटेल्स'मध्ये असते. तिथे बगचेककोड शून्य असेल, तर बहुधा वीज तुटली किंवा बोर्ड जागच्या जागी रिसेट झाला. शून्य नसेल, तर निळा स्क्रीन आला होता. तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या नोंदी असतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या वेगवेगळ्या मोजा. गेम चालू असतानाच्या सगळ्या नोंदी शून्याच्या निघाल्या तर एसएमपीएसविरुद्धचा पुरावा भक्कम होतो. व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाने काही असेल तर तेही बघून ठेवा. प्रोसेसर, मेमरी, पीसीआय स्लॉट यांच्या पातळीवर हार्डवेअरने स्वतः केलेली ती तक्रार असते.

आता एसएमपीएस. तुमच्या फोटोत लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टमधूनच ओढतात. डब्यावरचे ५०० वॅट ही ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या सगळ्या तारांची बेरीज, आणि कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या मालात तीही बरेचदा फुगवलेली. ३६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणून विकला जातो, पण जोर लागला की तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या कार्डची मर्यादा १२५ वॅट. दोन्ही मिळून २१३. पंखे, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत, आणि कार्ड काही मिलिसेकंदांसाठी मर्यादेच्या वरही उसळी घेतं. हा हिशोब जमत नाही. डेस्कटॉपवर बसून काम करताना सगळं ठीक आणि गेममध्ये मात्र घोटाळा, याचं कारण बहुधा इथेच आहे.

एसएमपीएस बोर्डाला एका तारेवरून सतत 'वीज ठीक आहे' असा इशारा देत असतो. भार वाढून व्होल्टेज कोसळलं की तो इशारा तुटतो आणि बोर्ड रिसेट होतो. म्हणून मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. जरा बऱ्या एसएमपीएसमध्ये ओव्हरलोडचं संरक्षण असतं. तो पूर्ण बंद पडतो आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. तुमचा उठतो, म्हणजे बहुधा त्यात ते संरक्षण नाही किंवा असून नसल्यासारखं आहे. कार्डाला जोडलेला तो दोन मोलेक्स (एसएमपीएसचे जुन्या पद्धतीचे चार पिनचे कनेक्टर) ते आठ पिनचा कन्व्हर्टरही काढून बघा. त्याचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडलं असेल तर तो पुन्हा लावू नका.

पैसे न खर्चता करायची चाचणी: आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्डची सेटिंग्ज बदलणारं सॉफ्टवेअर टाकून कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम रेट ६० वर बांधा, आणि नेहमीइतका वेळ खेळा. रिस्टार्ट थांबले किंवा बरेच कमी झाले, तर संशय जवळजवळ पक्का. फरमार्कसारखी कार्डला पूर्ण पिळून काढणारी चाचणी मात्र या एसएमपीएसवर करू नका. करायचीच असेल तर समोर बसून, हात बटणावर ठेवून.

मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स पिनवर, पिवळी आणि काळी तार, १२ व्होल्ट मोजा, आणि तेही गेम चालू असताना. मोजताना टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. एटीएक्स या डेस्कटॉपच्या मानकाच्या नियमाप्रमाणे ११.४ ते १२.६ चालतं. ११.४ च्या खाली दिसलं तर विषय संपला. आकडा बरोबर दिसला म्हणून मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसतच नाही. हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून पंखा फिरतो का बघायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तिने फक्त एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही एवढं कळतं. भाराखाली तो काय करतो हा तुमचा प्रश्न आहे, त्याला तिथे उत्तर नाही. आणि त्याचा डबा कृपा करून उघडू नका. आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहतो.

संध्याकाळी जास्त होतं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्या वेळी लाइनचं व्होल्टेज बऱ्याच गावांत उतरतं. तुमचा यूपीएस जुना आहे. त्यातून 'टक' असा आवाज येतो आणि त्याच क्षणी मशीन पडतं का, हे कान देऊन ऐका. तो आवाज रिलेचा. व्होल्टेज सावरायला किंवा बॅटरीवर जायला तो पलटी मारतो, आणि बॅटरी मेलेली असेल किंवा एसएमपीएस दुबळा असेल तर तेवढी फटही पुरते. एक संध्याकाळ यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. वीज जाण्याची भीती असेल तर त्या दिवशी महत्त्वाचं काम करू नका, एवढंच.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असंही तुम्ही म्हटलंय. त्याचा दोष मदरबोर्डला देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर लाइनच्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी कमी असतो, पण टेस्टर पेटतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. रिस्टार्टशी त्याचा संबंध असेलच असं नाही, तरी तसंच चालवत राहणं बरं नाही.

निळे स्क्रीन मी वेगळे ठेवले होते. दर वेळी नाव वेगळं असणं हीच त्यांची खूण. एकाच ड्रायव्हरचा दोष असेल तर सहसा तेच नाव पुन्हा पुन्हा येतं. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'आयआरक्यूएल', परवा 'पेज फॉल्ट' असं चालू असेल तर रॅमकडे बघायचं, किंवा पुन्हा वीजपुरवठ्याकडे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम आणि वर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू, हे जमून गेलं तर जातं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. विंडोजमधली मेमरी तपासणी हलकी असते, तिने 'ठीक' म्हटलं यावर जाऊ नका. एकही चूक दिसली तरी नापास. 'दोनच तर आल्या' असं इथे चालत नाही. चुका आल्या तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. तरीही आल्या तर एकेक रॅम एकटी, त्याच स्लॉटमध्ये ठेवून तपासा. एकेकट्या दोन्ही पास आणि एकत्र नापास, असंही होतं. मग जोडी विकून एकाच पाकिटातली जोडी घ्या. काढलीच आहे तर सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने पुसा, कण झटका, दोन्ही बाजूंना 'कट्' होईपर्यंत दाबून बसवा. कोकणात पावसाळ्यानंतर एवढ्यावरच सुधारलेली मशीन मी पाहिली आहेत. तुमची त्यातली असेल अशी आशा मात्र धरू नका.

तापमान आणि डिस्क पटकन उरकू. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ९५ अंशांना टेकत नसेल तर तो विषय सोडा. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, उगाच रिस्टार्ट होत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्ड डिस्कचे 'पेंडिंग सेक्टर' शून्य नसतील तर डिस्क बदला. 'सीआरसी एरर' वाढत असतील तर आधी फक्त साटाची, म्हणजे डिस्कला बोर्डाशी जोडणारी तार बदला. डिस्क बिघडली की मशीन सहसा अडकतं, गोठतं. तुमच्यासारखं तडकाफडकी काळं पडत नाही.

मदरबोर्डवर मी बोट ठेवतो ते बाकी सगळं निर्दोष ठरल्यावरच, किंवा फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनी दिसला तर. प्रोसेसर स्वतः खराब होणं तर त्याहून विरळ. अलीकडचा मोठा अपवाद म्हणजे इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर. ते जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू झिजत होते. २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती बायोस अपडेटमधून मिळते, पण झालेली झीज त्याने भरून निघत नाही. म्हणून इंटेलने स्वतःच्या खोक्यातून सुट्या विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. तुमचं रायझन आहे, हे तुम्हाला लागू नाही. इथे बाकी कुणाकडे तसं मशीन असेल तर आधी बायोस अपडेट करा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: नोंदी वाचा, पॉवर लिमिट उतरवून खेळा, यूपीएस काढून बघा, रात्री मेमटेस्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. शक्य असेल तर एखाद्या मित्राचा चांगला एसएमपीएस एक दिवस उसना आणा. तो मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या होणारा असेल तर त्याच्या तारा त्याच्याचबरोबर आणा. एकाच्या तारा दुसऱ्याच्या डब्याला बसतात, पण डब्याकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि त्यात डिस्क जळालेल्या आहेत.

नवा घ्यायचा झाला तर ५५० वॅटचा पुरे. लेबलवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर असावेत, कार्डासाठी स्वतःची ६+२ पिनची तार असावी, वॉरंटी किमान ३ आणि शक्यतो ५ वर्षांची. '८० प्लस'चा शिक्का विजेची बचत सांगतो, दर्जा नाही, तरी तोही नसलेला घेऊ नका. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट देतो, तुम्हाला पुरतो. मात्र काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर नवे एसएमपीएस कुरकुरतात. दुकानातच विचारून घ्या आणि परत करण्याची मुभा बिलावर लिहून घ्या.