आधी पुलाचा खांब बघ

ऐरोली, रविवार संध्याकाळ

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. थायलंडजवळच्या समुद्रातल्या रिशेल्यू रॉक या खडकावर स्कूबा डाइव्हिंगचं बुकिंग झालं, चार दिवस बोटीवरच मुक्काम, खाली माशांच्या चार इमोजी आणि ‘काका, पटकन टिप्स द्या ना’. पटकन देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून कागद घेतला.

सगळ्यात आधी तारीख. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं. तुझी बोट त्या खडकावर पोचते तो माघी पौर्णिमेचा दुसरा दिवस, म्हणजे ऐन उधाण. तुझ्या आजीला विचार. ती श्रीवर्धनची, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ भाजी निवडता निवडता सांगते. तो पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानच्या समुद्रात चालायचा नाही. पण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं आणि अष्टमीनंतरच्या भांगाला सगळ्यात कमी, हे तिकडेही तसंच. जेवढं चढणं-उतरणं मोठं, तेवढी पाण्याला ओढ जास्त. बुकिंग आठवडाभर पुढे ने. थोडे पैसे कापतील, कापू देत.

बोटवाले त्या तारखेला नेतातच की, असं तू म्हणशील. नेतात, आणि दोनशे डाइव्ह झालेल्यांना त्याचं काही वाटतही नाही. तुझ्या अकरा झाल्यात, त्यातल्या सहा तारकर्लीच्या. तुझं कार्ड ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, १८ मीटरपर्यंतचं. त्या खडकाचा पाय ३० मीटरच्याही खाली जातो. तेव्हा ॲडव्हान्स्डचा कोर्स आधी. जमलं तर अंदमानातल्या स्वराज द्वीपाला जाऊन डिक्सन्स पिनॅकलवर एक-दोन डाइव्ह कर, खोल पाण्यातला खडक म्हणजे काय ते आपल्याच देशात कळेल.

तू त्याला सीमाउंट, म्हणजे समुद्रातला डोंगर, लिहिलंस. भूगर्भशास्त्रवाले तळापासून हजार मीटर वर आलेल्यालाच तो मान देतात. रिशेल्यू म्हणजे घोड्याच्या नालेसारखा वळलेला चुनखडीचा सुळका, मोठ्या ओहोटीला टोक जेमतेम पाण्याबाहेर येतं. पण डाइव्हर लोक बोलताना दोन्ही एकाच टोपलीत टाकतात, मीही टाकतो. जाता जाता एक गंमत: सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, आरमारात प्रमुखपदापर्यंत गेलेल्या रिशेल्यू नावाच्या डॅनिश अधिकाऱ्यावरून या खडकाचं नाव पडलं, असं सांगतात. आणि आपल्याकडे विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, त्याला नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांचं. पाण्याखालच्या दगडांना आरमारवाल्यांचीच नावं का मिळतात? बहुतेक जहाजं त्यांचीच आपटत असतील.

मुद्द्यावर येतो. तिथे एवढे मासे का, हे नीट कळलं की बाकीची अर्धी शिकवणी होते. सपाट तळावरून वाहत आलेलं पाणी सुळक्यावर आदळतं आणि वर चढतं. खालचं पाणी गार, त्यात खत भरपूर. ते उजेडात आलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं, प्लवकावर बारीक मासळी, बारीक मासळीवर ट्रेव्हली आणि बॅराकुडा, कधीमधी तोंड उघडं ठेवून व्हेल शार्क. जांभळी मऊ प्रवाळं तरी एवढी फुललेली का? त्यांना चालता येत नाही, जेवण वाहून यावं लागतं. अंदमानच्या समुद्रात त्यात आणखी एक प्रकार आहे: पृष्ठभागाच्या खाली, गार आणि कोमट पाण्याच्या सीमेवरून मोठमोठ्या लाटा चालत येतात. वर समुद्र निवांत दिसतो आणि खाली अचानक हिरवट, गढूळ, हुडहुडी भरवणारं पाणी येतं. फोटोवाले तेव्हा वैतागतात. तू वैतागू नकोस, तीच तर मेजवानीची गाडी.

म्हणजे जो प्रवाह मासे आणतो तोच तुला घेऊन जाणार. शांत पाणी आणि भरपूर मासे, अशी थाळी तिथे मिळत नाही.

प्रवाह पुस्तकातून कळत नाही, म्हणून एक काम कर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला खाडीत बोट जाते, तिच्यात बस. सगळे पक्ष्यांकडे कॅमेरे धरतील, तू पुलाचे खांब बघ. ओहोटी जोरात असली की खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी फुगून दोन्हीकडे फाटतं. बाजूंनी ते पळतं. आणि पाठीमागे मात्र एक जागा असते, तिथे प्लॅस्टिकची बाटली नुसती गोल गोल फिरत राहते, वाहून जात नाही. त्या बाटलीची जागा लक्षात ठेव. रिशेल्यूवर उतरलीस की तीच जागा शोधायची, खडकाची पाठ. पुढच्या अंगाला, पाणी फाटतं तिथे, मोठे मासे तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात. ते पाठीमागच्या आडोशातून डोकावून बघायचं. फक्त कोपरा ओलांडायचा नाही.

मी ओलांडला होता. २०११ साल, हाच खडक. गाइडने खूण केली होती, मला दिसलीही होती. पण बॅराकुडांचा थवा कोपऱ्यापलीकडे वळला आणि मी त्यांच्या मागे. दहा सेकंदांत खडक माझ्या हाताच्या अंतरावरून खोलीभर लांब गेला. मग मी नवशिका करतो तेच केलं, प्रवाहाच्या तोंडावर पाय मारत सुटलो. तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात मी प्रेशर गेज तपासले. माणूस खोटं बोलेल, चांगला गेज नाही, हे मला पाठ होतं. त्या दिवशी माझ्या हवेच्या टाकीचा गेज १२० बार दाबावरून साठावर आला चार-पाच मिनिटांत. खोली २७ मीटर.

हिशेब तूच करून बघ. ३० मीटरवर दाब चार पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवा चार पट. आपली नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी २०० बारला साधारण २,२०० लिटर हवा देते. शांत माणूस मिनिटाला पंधरा लिटर घेतो. तीस मीटरवर त्याचे साठ होतात, टाकी अर्ध्या तासाहून जास्त पुरेल. घाबरलेला, पाय झाडणारा माणूस चाळीस घेतो. त्याचे होतात १६०, आणि टाकी पंधरा मिनिटंही धड टिकत नाही. समुद्र तोच, टाकी तीच. गाइड माझ्या मागे आला, मनगट धरलं, झुंजणं थांबवलं. आम्ही प्रवाहावर अंग सोडून दिलं आणि हळूहळू वर आलो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, एसएमबी, म्हणजे बोटीला आपण दिसावं म्हणून दोरीने वर सोडायचा फुगा, सोडला, आणि वर आल्यावर अर्धा तास लाटांत डोलत बोटीची वाट बघितली. बोटीचा काही दोष नव्हता, आम्हीच भलतीकडे निघालो होतो. गाइड मला त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागलं.

म्हणून पोहण्याच्या तलावात करायचं ते हे. ठाण्याला जिथे कोर्सचे पहिले धडे घेतलेस तिथेच पुन्हा जा आणि तळापासून मीटरभर वर, हात छातीशी बांधून, दहा मिनिटं नुसती लटकून राहा. पाय हलवायचे नाहीत, श्वासावर वर-खाली व्हायचं. कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही, आणि म्हणूनच तिकडे जाऊन प्रवाळांवर पाय आपटतात. शिवाय त्या खडकावर विंचूमासा बसलेला असतो, हुबेहूब दगडासारखा, पाठीवर विषारी काटे. आधारासाठी कुठेही हात टेकायची सवय असली तर एक दिवस त्याच्यावर टेकशील. एसएमबी सोडायचा सरावही तलावातच, दोरी बोटाला गुंडाळून घेईपर्यंत चुका कर.

कॅमेरा पहिल्या दोन दिवशी नको. स्थिर होऊन एका जागी थांब आणि बारीक बघ. जांभळ्या प्रवाळांत समुद्रघोडा शेपटी गुंडाळून बसतो. हार्लेक्विन कोळंबी जोडीने राहते, तारामासा उलटा करून त्याचे हात कुरतडून खाते. एवढी देखणी आणि एवढी निर्दयी, मला तर ती व्हेल शार्कपेक्षा आवडते. आणि माकूल. मासळीबाजारात पाटीवर पांढरी मऊ पडलेली तू बघितली आहेस. तिथे नर अंगावरून पट्ट्यांच्या लाटा पळवत मादीभोवती फिरतो. ते बघितल्यापासून माझ्याने माकूल खाववत नाही. तुझ्या काकूला हे पटत नाही.

एक शेवटचं, हे तुझ्या तिकिटात दिसलं. शेवटची डाइव्ह सकाळी आणि फुकेतहून विमान त्याच रात्री? ओळीने काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो, त्याला तुझ्या सोमवारच्या महापेच्या मीटिंगशी देणंघेणं नाही. बुकिंग बदलणारच आहेस तर तिकीटही बदल. फार पुढे मात्र ढकलू नकोस. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो खडक ज्या राष्ट्रीय उद्यानात येतो ते बंद असतं, आपल्याकडे येतो तोच नैऋत्येचा पाऊस तिकडेही.

माझा एसएमबी आणि त्याच्या दोरीची फिरकी घेऊन जा, नवीन विकत घेऊ नकोस. फिरकीची कडी थोडी अडकते, तेल दे. शनिवारी ओहोटी किती वाजता आहे ते आजीकडून काढ आणि मला कळव, बोटीत मीही येतो.

तुझा,
काका