घरातले सगळे कोरोनाच्या तापाने आडवे झाले. मी पॉझिटिव्ह येऊनही ठणठणीत. माझी प्रतिकारशक्ती लढलीच नाही का?

लढली हो. तुम्हाला पत्ता लागला नाही इतकंच.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि २०२० मध्ये माझंही हेच झालं. जाऊबाई १०२ तापाने फणफणलेल्या, मी त्यांच्या दारात पेजेचं भांडं ठेवतेय. रिपोर्ट आले तर आरटी-पीसीआर चाचणीतली त्यांची सीटी व्हॅल्यू २७, माझी १९. हा आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त. तो कागद त्यांनी अजून मला माफ केलेला नाही.

ताप आणतात आपल्याच पेशी. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे निरोप त्या रक्तात सोडतात, त्यातून मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान वर चढतं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिनच अडवतं; विषाणूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. निरोप बेतानेच सुटले, तर कपाळ गारच राहतं.

चीनमधल्या चोंगचिंगमध्ये २०२० मध्ये लक्षणं नसलेल्या ३७ जणांना तपासलं होतं. त्यांच्या रक्तात दाहाचे सायटोकाइन (वर सांगितलेले निरोप) लक्षणंवाल्यांपेक्षा कमी, अँटीबॉडीही कमी. घरी गेल्यावर आठ आठवड्यांनी ४० टक्के जण आयजीजी या प्रकारच्या अँटीबॉडींच्या चाचणीत निगेटिव्ह. तरी सीटी स्कॅनमध्ये ११ जणांच्या फुप्फुसांत धुरकट ठिपके होतेच. म्हणजे ‘काहीच झालं नाही’ हेही तितकंसं खरं नाही.

अँटीबॉडी कमी म्हणून घाबरू नका. सिंगापूरच्या संशोधकांना अशा लोकांच्या टी-पेशी (विषाणू लागलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) चांगल्याच तडफदार आढळल्या: लढ्याचा निरोप देणारं इंटरफेरॉन-गॅमा भरपूर, आणि सोबत दाहाला आवर घालणारं इंटरल्यूकिन-१०सुद्धा त्याच मापात.

मला सगळ्यात आवडलेला धागा २०२३चा आहे. एचएलए-बी*१५:०१ हा जनुकप्रकार लक्षणं नसलेल्यांपैकी पाचात एकाकडे निघाला, लक्षणं असलेल्यांत जेमतेम ९ टक्क्यांकडे. तो असलेल्यांच्या टी-पेशी साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंवर आधीच तयार झालेल्या असतात. नव्या विषाणूचा तसाच दिसणारा तुकडा त्या चटकन ओळखतात. तेव्हा श्रेय काढ्याला देण्याआधी लहानपणीच्या वाहत्या नाकाला द्या.

विषाणू मात्र आपण दोघांनीही गुपचूप वाटला असणार. जाऊबाईंना तो कुणाकडून आला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी तो विषय काढत नाही.