बर्फाळ ग्रामीण रस्त्यांसाठी कोणती फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक गाडी घ्यावी?

घरापर्यंतचा चढउताराचा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली जातो आणि क्लचचा त्रास नको आहे, असे आपण लिहिले आहे. माझे पहिले म्हणणे कदाचित आपल्याला रुचणार नाही: हिवाळी टायरांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत गाडी शोधावी. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी जागची हलते आणि चढही चढते. परंतु ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना टायरची पकडच कामी येते. साध्या टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. टायरच्या कडेवर तीन शिखरे आणि आत हिमकण असे चिन्ह पाहावे; नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे बर्फावरील चाचणीविनाही छापली जातात.

ग्रामीण रस्त्यावर एका वळणाला बर्फ, तर पुढच्या वळणाला कोरडे डांबर असते. सुझुकी जिम्नीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरताच चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत फोर-व्हील-ड्राइव्ह लावला की पुढचा व मागचा अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाके फिरवणारा आस) एकमेकांशी घट्ट जोडले जातात, म्हणून कोरड्या डांबरावर वळताना यंत्रणेवर ताण येतो आणि लिव्हर सारखा बदलत बसावे लागते. मळलेली वाटही नसलेल्या खोल बर्फात तिचा लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) खरोखर उपयोगी पडतो, पण आपल्या वर्णनावरून मी सुबारू फॉरेस्टरसारखी, कायम चारही चाके चालवणारी आणि सुमारे 220 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर) असलेली गाडी निवडेन.

ऑटोमॅटिकची खरी परीक्षा उतारावर होते. एकदा मी गिअर ‘डी’वर ठेवून बर्फाळ उतार उतरू लागलो आणि वेग आवरायला केवळ ब्रेकच हाताशी उरला, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) थरथरत राहिले आणि गाडी निवांत सरकत राहिली. तेव्हापासून खालचा गिअर हाताने धरून ठेवता येतो की नाही, हे मी आधी तपासतो. सीव्हीटी (ठरावीक पायऱ्यांचे गिअर नसलेली ऑटोमॅटिक यंत्रणा) असल्यास तिच्यात मॅन्युअल मोड असावा. ड्युअल-क्लच (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मात्र मी टाळेन, कारण चढावर मुंगीच्या पावलाने जाताना काहींचे क्लच तापतात.

जुनी गाडी घेत असाल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत ना, हे पाहावे; व्यासात फरक असेल, तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधील जोडणी सतत घासत राहते आणि तिची दुरुस्ती महाग पडते.