‘कामगिरी’ कोणाची, अनुदान कशावर?

अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सरकारी कॉलेजात, विद्यार्थ्यांच्या आकडेवारीचं काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. महाराष्ट्र मंडळात आपल्या कामाविषयी बोलायचं म्हणून त्यांनी ‘परफॉर्मन्स-बेस्ड फंडिंग’ला (विद्यार्थी किती पुढे सरकले ते पाहून सरकारने कॉलेजला पैसे देणं) ‘कामगिरीवर आधारित निधी’ असं लिहिलं. ते वाचून सोलापूरहून आलेले बाबा म्हणाले, “पोलीस खात्याचं काही आहे का?” यापेक्षा बरा शब्द आहे का?

बाबांचा कान तयार आहे! कामगिरी म्हणजे मुळात सोपवलेलं काम. जिल्हा परिषदेचा शिक्षक ‘कामगिरीवर’ आहे म्हटलं की त्याला तात्पुरतं दुसऱ्या शाळेत धाडलंय, एवढंच कळतं. दुसरा अर्थ पराक्रमाचा: टोळी पकडली, शतक ठोकलं. दोन्हीकडे काम ज्याचं, शाबासकीही त्याचीच. तुमच्याकडे धावतो विद्यार्थी आणि पैसे मिळतात कॉलेजला. कामगिरी नेमकी कोणाची, हे त्या शब्दातून कळतच नाही.

‘निधी’ही काढा. आमदार निधी, भविष्य निर्वाह निधी, म्हणजे साठवलेली किंवा बाजूला ठेवलेली रक्कम. सरकार संस्थेला दरसाल देतं ते अनुदान. विनाअनुदानित कॉलेजात शिकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता अनुदान कशावर? जुनी रीत पटावर: जितकी डोकी, तितके पैसे. (अर्धवेळवाल्यांची बेरीज करून ‘पूर्णवेळ समतुल्य’ डोकी काढतात, पण ते शेवटी पटच.) टेनेसी राज्याने 1979 मध्येच निकालाकडे बघून थोडे जादा पैसे द्यायला सुरुवात केली आणि 2010 च्या कायद्याने एकंदर वाटपच निकालावर नेलं. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांच्या सूत्रात विद्यार्थ्याने 12, 24, 36 श्रेयांक (क्रेडिट) ओलांडले की त्याची नोंद कॉलेजच्या खात्यावर होऊ लागली. म्हणून ‘निकालावर अनुदान’ म्हणावं, तर तेही पुरत नाही. आपल्याकडे निकाल म्हणजे पास-नापास. शिवाय इंग्लंडात 1862 पासून आणि पुढे मुंबई इलाख्यातही पोरांच्या परीक्षेवरून शाळेचं अनुदान ठरवण्याची पद्धत होती, तिला ते नाव जास्त शोभतं. 36 श्रेयांकांवरचा विद्यार्थी अजून कुठल्याच निकालात नाही, वाटेत आहे.

ही वाट मोजायला वॉशिंग्टन राज्याने 2007 मध्ये ‘मोमेंटम पॉइंट’ आणले. समजा, दिवसभर दुकानात उभी राहणारी एक बाई संध्याकाळी इंग्रजी सुधारायच्या वर्गाला येते. तिथे ती वर सरकली की कॉलेजला एक गुण. पहिले 15 श्रेयांक झाले, आणखी एक. 30 झाले, कॉलेजच्या पातळीचं गणित सुटलं, पदविका हातात पडली, प्रत्येक वेळी गुण. याला कोणी ‘संवेग-बिंदू’ म्हणालं तर मी सभेतून उठून जाईन. संवेग भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बरा, आणि इथला पॉइंट बिंदू नसून गुण आहे.

मला आधी ‘टप्पा’ सुचला होता. टप्पा अनुदान! छान वाटलं आणि लगेच जीभ चावली. महाराष्ट्रात टप्पा अनुदान म्हणजे विनाअनुदानित शाळांना 20 टक्के, 40 टक्के असं चढत्या क्रमाने मिळणारं अनुदान, ज्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसतात. तुमच्या श्रोत्यांत एखादा निवृत्त मुख्याध्यापक निघाला तर पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

मग उरते ‘मजल’. मूळ अरबी मंझिल, पण मराठीत इतकी मुरलेली की मजल दरमजल करीत फौजा इथवर आल्या. मुक्काम अजून दूर आहे, पण आजची चाल पदरात पडली, हा अर्थ तिच्यात तयारच आहे. ‘मोमेंटम पॉइंट’ला मी मजलगुण म्हणेन. संपूर्ण योजनेला सरकारी थाटाचं नाव हवं असेल तर ‘निष्पत्तीनुसार अनुदान’. शाळांमधल्या ‘अध्ययन निष्पत्ती’मुळे तो शब्द कानावरून गेलेला आहे. बोलताना मात्र “पटावर नाही, मजल पाहून पैसे” एवढं म्हणा.

एका शब्दाला जपा: ट्रान्सफर. ‘बदली’ नोकरदारांची होते, आणि “दाखला काढून गेला” म्हटलं की आपल्याला गळती ऐकू येते. तुमच्याकडे दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं हे यशच. तरी तिथल्या केंद्र सरकारच्या पदवीपूर्तीच्या आकड्यात, म्हणजे पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ आलेल्यांपैकी तीन वर्षांत किती जणांनी पूर्ण केलं त्यात, पदवी न घेता गेलेला असा विद्यार्थी बसत नाही. त्याचा रकाना वेगळा. त्या रकान्यावर मराठीत ‘पुढे गेले’ लिहा. ‘सोडून गेले’ नको.