रिमांड होममध्ये पोराला किती दिवस ठेवायचं, हे नक्की कोण ठरवतं?

गुन्हा जेवढा मोठा तेवढे दिवस जास्त, असंच असतं का, असं तुम्ही विचारलंय. कायद्यात थोडंफार तसं आहे. आमच्या घरात मात्र दिवस ठरवले ते पोराच्या बापाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने. म्हणून एवढं लिहायला बसले.

नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. माझा भाचा पुण्यात सिंहगड रोडवर मोबाईल हिसकावण्याच्या केसमध्ये सापडला. गाडी हा चालवत होता, हिसकावणारा मागे बसलेला, तो चांगला एकवीस वर्षांचा घोडा. चौकीत आधार कार्ड बघून आमच्या पोरालाही अठरा पूर्ण धरलं होतं, कारण आधारच्या शिबिरात कुणीतरी १ जानेवारी २००४ ठोकून दिलेलं. (आमच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनचा असायचा, त्यातलीच गत.) मी धावतपळत शाळेतून बोनाफाईड आणलं, त्यावर ११ जुलै २००६. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. तेही वय गुन्ह्याच्या दिवशीचं. तो कागद वेळेत पोचला नसता तर पोरगा येरवड्याला गेलाच असता, फक्त रिमांड होमऐवजी जेलच्या दारातून.

दुसऱ्या दिवशी त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं. तिथे एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई. आरोपीचा पिंजरा नाही, पोलीसही साध्या कपड्यात. आणि जामीन तिथल्या तिथे झाला. अल्पवयीन मुलाला जामीन द्यायचा हाच नियम आहे. सुटून तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मंडळाला वाटलं तरच नाकारायचा. गुन्ह्याचं कलम मोठं, हे कारण त्यात नाही. अट एवढीच होती की पालकांनी हमी लिहून द्यायची आणि पोराला घरी न्यायचं.

मी त्याच रात्री बार्शीला गेले, सासूबाईंचं ऑपरेशन होतं. दादाला रोज फोन करायचे. तो म्हणायचा, "तारीख पडलीय." तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला, बाथरूममधून, नळ सोडून. म्हणाली, जामीन कधीच झालाय, हे सहीच करत नाहीत. सात दिवसांत अट पुरी झाली नाही तर मुलाला परत मंडळापुढे आणतात, अट सैल करता येते का बघायला. तेव्हाही दादाने सगळ्यांदेखत सांगितलं की पोरगा माझ्या हाताबाहेर गेलाय, राहू दे महिनाभर, अक्कल येईल.

स्वारगेटला उतरले ती तशीच पिशवीसकट मंडळात गेले. तिथल्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही सांभाळाल?" मी हो म्हटलं. रेशन कार्ड, लाईट बिल, हमीपत्रावर सही. तेविसाव्या दिवशी पोरगा बाहेर.

आता तुमचा मूळ प्रश्न. चौकशी संपल्यावर काय होतं? २०१५ च्या कायद्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत. मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा असेल तो किरकोळ. किमान शिक्षाच ७ वर्षं असेल तो अतिगंभीर. मधलं सगळं गंभीर. आमच्या केसला जबरी चोरीचं कलम होतं, मोठ्यांना १० वर्षांपर्यंत, पण किमान काही नाही, म्हणून गंभीर. यात मंडळ समज देऊन सोडू शकतं, समाजसेवा लावू शकतं, देखरेखीखाली घरी पाठवू शकतं, आणि फार तर ३ वर्षं विशेष गृहात, म्हणजे गुन्हा केल्याचं ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, ठेवू शकतं. त्यावर नाही.

आणि हे ठरतं बरंचसं परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती बघून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या, अहवालावर. आमच्याकडे ज्या बाई आल्या त्यांनी केसबद्दल एक शब्द विचारला नाही. पोरगा झोपतो कुठे ते बघितलं. मग वहिनीला विचारलं, "रात्री किती वाजता येतो?" वहिनीने उत्तर देण्याआधी दादाकडे बघितलं. बाईंनी ते बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी आदेश झाला तो वर्षभर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, समुपदेशनासह, आणि राहायचं आत्याकडे.

कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर, मे २०२४ मध्ये, सगळं पुणे जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर हसत होतं, चिडत होतं. दोन जीव गेले, राग बरोबरच होता. पण जामीन त्याच दिवशी झाला याचं मला नवल वाटलं नाही. पुढे जामीन रद्द न करताच मुलाला आत ठेवलं, तेही उच्च न्यायालयाने जूनमध्ये बेकायदा ठरवलं. फरक एवढाच की तिथे हमी द्यायला आजोबा होते, आणि आमच्याकडे बाप अक्कल शिकवत बसला होता.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि १६ ते १८ मधल्या मुलावर खुनासारखा आरोप असेल तर माझं वरचं गणित विसरा. तिथे मंडळ आधी त्याची मानसिक-शारीरिक कुवत तपासतं, आणि केस बाल न्यायालयात मोठ्यांसारखी जाऊ शकते. २१ व्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थानी, म्हणजे जेल नसलेल्या वेगळ्या संस्थेत, मग सुधारला का ते बघून सुटका किंवा उरलेली शिक्षा जेलमध्ये. फाशी नाही, आणि कधीच सुटका नाही अशी जन्मठेपही नाही.

तुमच्या घरातलं कुणी असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. पण आधी बोनाफाईड घ्या आणि स्वतः जा. "चार दिवस राहू दे" म्हणणारा काका-मामा प्रत्येक घरात असतो, त्याला पुढे करू नका.

दादा अजून म्हणतो, त्या तेवीस दिवसांनीच पोरगा सुधारला. पोरगा आता नऱ्ह्याला गॅरेजमध्ये आहे. त्या तेवीस दिवसांत ओळख झालेल्या एकाचा फोन त्याला अजून येतो. माझ्यासमोर तरी उचलत नाही.