कंबर धरली म्हणून पुडी? कंबरदुखीवरील प्रश्नोत्तरे

भातलावणी उरकली की आणि पुढे ऊसतोड सुरू झाली की येणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. ओणव्याने काम करून किंवा ओझे उचलून कंबर धरते, आणि पहिला आठवडा ऐकीव उपायांत जातो. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देतो. एक मात्र क्रम सोडून आधी घेतो.

प्रश्न : पोते उचलताना कमरेत कळ आली. आता दोन्ही पायांना मुंग्या येतात, बसायची जागा बधिर वाटते, कालपासून लघवी नीट होत नाही. कोणते मलम लावू?

मलम नको. पत्र वाचताच या वाचकांना फोन करून रुग्णालयात जायला सांगितले. उत्तर छापून येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा दाब कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर आला की अशी लक्षणे दिसतात. उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. घरात कुणालाही असे झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशा ठिकाणी रात्रीच न्या.

प्रश्न : लावणीनंतर कंबर ताठली आहे. सासूबाई म्हणतात, पंधरा दिवस फळीवर उताणी पडून राहा.

पंधरा दिवस अजिबात नको. दिवसभर ओणवे राहिल्याने कण्यालगतचे स्नायू थकून आखडतात, अस्थिबंध ताणले जातात. दुखते म्हणजे आत काही मोडलेच, असे समजू नका. पहिले एक-दोन दिवस लागेल तेवढेच आडवे व्हा, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. मधूनमधून उठून घरातल्या घरात चाला. अंथरूण धरले की स्नायू कमजोर होतात आणि दुखणे लांबते. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते. फळीचाही आग्रह सोडा. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांचा स्पेनमधला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जास्त आराम मिळाला. वेदनाशामक गोळी मात्र मनाने घेऊ नका. पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ती महागात पडते. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर लगेच दाखवा. मणक्याचा क्षय (टीबी) आपल्याकडे आजही दिसतो.

प्रश्न : पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते का?

नाही. उसण बहुधा काही दिवसांत आपसूक उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेवर तर कुणीही पाय देऊ नये.

प्रश्न : गरम शेक की बर्फ?

ज्याने बरे वाटेल ते, मध्ये कापड ठेवून, पंधरा-वीस मिनिटे. मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल तर दोन्ही टाळा. इजा झालेली कळत नाही.

प्रश्न : आई ६२ वर्षांची. आठवडी बाजारातल्या एका चूर्णाने तिची कंबर दोन दिवसांत थांबली. वर्षभर घेते आहे. आता चेहरा सुजला आहे, साखर वाढली आहे. विकणारा म्हणतो, जडीबुटीच आहे. चालू ठेवावे का?

दोन दिवसांत कंबर थांबली, इथेच मला संशय येतो. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली तपासणीत वारंवार सापडली आहे. पुडीवर ना घटक, ना बनवणाऱ्याचे नाव, ना बॅच क्रमांक, ना मुदत. माझा राग आयुर्वेदावर नाही. शिकलेला वैद्य काय देतो ते लिहून देतो. हा विक्रेता लिहीत नाही, आणि पुढच्या बाजाराला कुठे असेल तेही सांगता येत नाही.

स्टेरॉइडने दुखणे दबते, भूक लागते, अंगात हुशारी येते. माणूस विक्रेत्याला दुवा देतो आणि शेजारणीलाही पुडी देतो. आतून साखर आणि रक्तदाब चढत असतात, चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, दबलेला क्षय उसळू शकतो. हाडे ठिसूळ होतात, आणि एक दिवस भरलेली कळशी उचलताना मणका दबतो. कमरेसाठी घेतलेली पुडी कमरेचाच मणका मोडते. हे मी हताशपणे पाहत आलो आहे, कारण रुग्ण येतो तो मणका दबल्यावरच.

तरीही पुडी आज एकदम तोडू नका. बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. अचानक बंद केल्यास उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी, प्रसंगी जिवावर बेतते. उरलेली पुडी सोबत घेऊन उद्याच फिजिशियनला दाखवा. साखर, रक्तदाब, हाडांची घनता पाहून औषध कसे उतरवायचे ते तेच ठरवतील. उलट्या किंवा चक्कर असेल तर आजच जा. मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करा.

प्रश्न : दोन आठवडे कंबर दुखते, पायात कळ नाही. एमआरआयवर सवलत चालू आहे. काढून घेऊ?

सवलत म्हणून नको. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. ५२ टक्के लोकांत मणक्यांमधली निदान एक गादी फुगलेली निघाली. असा रिपोर्ट हातात पडला की धडधाकट माणूसही वाकायला घाबरतो. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, गरज असेल तर ते लिहून देतील.

प्रश्न : ऊसतोडीला जातो. पट्टा बांधला तर मोळी उचलताना कंबर वाचेल का?

पट्ट्याने दुखणे टळते असा भरवशाचा पुरावा नाही. मोळी लहान बांधा, अंगालगत धरा, ओझे घेऊन कमरेतून पिळू नका, पाय वळवा. डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात घ्या. मजुरी टनावर मिळते म्हणून मोळी मोठी होते, हे मला ठाऊक आहे. मुकादमांनीही हे वाचावे. कळ गुडघ्याखाली उतरू लागली किंवा पाऊल उचलताना अडखळू लागले, तर पट्टा घट्ट करून हंगाम काढू नका. कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवा.